हवालदार काकांचं पुस्तक कपाटात टाकू नका : आमच्या वाचनालयाच्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कार्यकारी मंडळ आणि मागच्या रविवारच्या बैठकीला आलेले सगळे वाचक,
आपलं सार्वजनिक वाचनालय, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा

नमस्कार मंडळी,

रविवारी हवालदार काकांच्या पुस्तकावर वाचकांनी आपापली मतं मांडली, चार-पाच जण बोलले, बाकीचे गप्प बसले आणि उठता उठता असं ठरलं की हे पुस्तक बाहेरच्या मांडणीवरून काढून आतल्या कपाटात ठेवायचं आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना द्यायचं नाही. कारण काय, तर पोट्ट्यांचं मन खचते. कपाटाची चाबी माझ्याजवळ असते, म्हणून हे पत्र मी लिहून राहिली. पुस्तक अजून मी कपाटात टाकलेलं नाही. माझं म्हणणं आधी पूर्ण वाचा, मग पुढच्या बैठकीत काय ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा, मी ऐकीन. पण न बोलता चाबी फिरवणं माझ्याच्यानं होणार नाही.

जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काका शेजारच्या गावचे, 1999 साली कारगिलची लढाई झाली तेव्हा साधे शिपाई होते, नुकतीच मिसरूड फुटलेलं पोरगं, आणि त्यांची पलटण लडाखमधल्या द्रासला होती. पुढं हवालदार होऊन रिटायर झाले, आता दोन एकर सोयाबीन-तूर करतात. त्यांनी ते दोन-अडीच महिने जसे आठवले तसे लिहिले आणि स्वतःच्या पैशानं छापून घेतले. नाव मी मुद्दाम टाकत नाही, त्यांनीच सांगितलं की ताई माझं नाव मोबाईलवर फिरवू नका. पुस्तकात भाषण नाही, कविता नाही, कव्हरवर तिरंगा पण नाही. एका माणसानं जे पाहिलं, उचललं, खाल्लं, ऐकलं, तेवढंच आहे.

आता तुमच्या मतांकडं येते.

गुरुजी, तुम्ही सगळ्यात आधी बोलले. तुम्ही म्हणाले, मले त काही थरार वाटला नाही, अर्ध्या पुस्तकात नुसतं सामान वाहणं हाय, लढाई कुठं हाय? आणि बरेच जण मान हलवत होते. गुरुजी, तुमचा मान ठेवून सांगते, ते सामान वाहणं हीच तिथली लढाई होती, आणि हे आपल्याला कळत नाही कारण आपण युद्ध पडद्यावरच पाहिलं, तिथं हिरो डोंगराच्या माथ्यावरच उगवतो, खालून वर कसा गेला ते कोणी दाखवत नाही.

तोलोलिंगचं बघा. द्रासच्या अगदी डोक्यावरचा डोंगर. खालून श्रीनगर-लेह रस्ता जातो, लडाखला धान्य, तेल, दारूगोळा बहुतेक त्याच रस्त्यानं. वर जो बसला त्याला खालची गाडी न गाडी दिसते आणि तो तिथूनच तोफेला सांगू शकतो की कुठं मार. म्हणून तो डोंगर घेणं भाग होतं. उंची पंधरा-सोळा हजार फूट. आपण इकडं चिखलदऱ्याला जातो, स्वेटर घालून फोटो काढतो, ते साडेतीन हजार फुटाच्या थोडं वर आहे. म्हणजे चिखलदऱ्याच्या चौपट उंचीवर, झाड नाही, झुडूप नाही, लपायला दगडाशिवाय काही नाही, आणि हवेत प्राणवायू एवढा कमी की दहा पावलं चढलं की थांबून श्वास घ्यावा लागते. सैन्याचा नियम असा की इतक्या उंचीवर जायच्या आधी शरीराला सवय करायची, पहिल्या टप्प्यात सहा दिवस, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात चार. म्हणजे दोन आठवडे नुसती सवय करण्यात जातात. 1999 च्या मे महिन्यात बऱ्याच जणांना तेवढे दिवस मिळालेच नाहीत, कारण शत्रू वर येऊन बसलेला होता आणि खाली रस्त्यावर गोळे पडत होते.

खेचरं एका ठिकाणापर्यंत जातात, त्याच्यापुढं माणूसच. गोळ्यांच्या पेट्या, मॉर्टारचे बॉम्ब, पाणी, रॉकेल, दोर, सगळं पाठीवर. काकांनी लिहिलंय की दिवसा हलता येत नव्हतं, वरून दिसलं की मशीनगन चालू, म्हणून अंधार पडला की निघायचं आणि उजाडायच्या आत कुठल्यातरी दगडामागं आडवं व्हायचं, मग दिवसभर तसंच, लघवीला पण उठायचं नाही. पिशवीत काय घ्यायचं यावर पोरं बसून हिशोब करत. जेवणाचं पाकीट काढलं की त्या जागी गोळ्यांच्या दोन मॅगझिन बसतात. सगळ्यांनी जेवण काढलं. काकांनी फक्त शंकरपाळ्याची एक पुडी ठेवली, ती पण छातीशी, कारण बाहेरच्या खिशात ठेवली की थंडीनं दगड होते आणि दात पडतो. हे पान मी वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बसली होती. आपण ज्या शंकरपाळ्या दिवाळीला डब्यात भरतो त्याच.

आणि जखमी माणूस खाली आणायचा म्हटलं की एकाला चार माणसं लागतात, कधी सहा, आणि रात्रभर लागते. म्हणजे एक पडला की आणखी चार-सहा जणांचे हात गुंतले. हे सगळं काढून टाकलं तर उरते काय, गोळीबाराची दोन पानं. ती पण आहेत पुस्तकात, आणि ती कशी आहेत माहीत आहे ना, काकांना काहीच दिसत नव्हतं. अंधार, उजेडाचे पट्टे, कानात आवाज, कोण ओरडून राहिलं ते कळत नाही. ते लिहितात की आपण डोंगर घेतला हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मला तर हे वाक्य सगळ्या पुस्तकात मोलाचं वाटलं, कारण असं खोटं कोणी रचत नाही, रचणारा माणूस स्वतःला माथ्यावर झेंडा घेऊन उभा करते.

तोलोलिंग तीन आठवडे घेता आला नाही, हे पण लक्षात ठेवा. 18 ग्रेनेडियर्स या पलटणीनं मे महिन्याच्या शेवटापासून प्रयत्न केले, त्यात मेजर राजेश अधिकारी गेले, लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन गेले, आणि मग 2 राजपुताना रायफल्सनं 13 जूनला तो घेतला. त्या तीन आठवड्यांत खालचे जवान काय करत होते तर वाहत होते. दारूगोळा वर, जखमी खाली. आपल्याला 13 जून ही तारीख पाहिजे पण त्याच्या आधीचे वीस दिवस बोअर वाटतात, हे बरोबर नाही, मला तरी पटत नाही.

दुसरं मत भीतीबद्दलचं, आणि पुस्तक कपाटात टाकायचं ठरलं ते त्याच्यामुळंच.

काकांनी स्पष्ट लिहिलंय की पहिल्या रात्री पहिला गोळा जवळ पडला तेव्हा त्यांची पॅन्ट ओली झाली. आणि थंडीत ती ओली पॅन्ट गोठली. यावर भाऊ, तुम्ही म्हणाले, काहून लिहिलं असन त्यानं हे, लाज वाटायला पाहिजे होती, माह्या पोरानं हे वाचून ग्राउंडले जाणं सोडून देल्लं त कोण जबाबदार? भाऊ, तुमची काळजी मला कळते. तुमचा पोरगा रोज पहाटे आमच्या घरासमोरून धावत जाते, मी सडा टाकत असते तेव्हा, अंगात बनियन, पायात ते एकाच बाजूनं झिजलेले बूट. सगळ्या गावाला त्याचं कौतुक आहे, मलाही आहे. पण बघा, त्याला काय शिकवलं जाते. आधी लेखी, मग 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण मार्क, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटाचा खड्डा, मग मेडिकल. ॲकॅडमीवाले एवढं शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण गेटच्या आत गेल्यावर पुढं काय, हे त्याला कोण सांगणार? 2022 पासून अग्निवीर आहे, चार वर्षांचा करार, योजना आली तेव्हा ठरलं की चार वर्षांनी जास्तीत जास्त चारातल्या एकाला कायम ठेवायचं, बाकीचे परत. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं सीमेवर उभं राहणार आणि चोविसाव्या वर्षी बहुतेक घरी येणार. एवढ्या कमी वयात, एवढ्या कमी दिवसांत जे समोर येऊ शकते ते त्याला आधी माहीत असायला नको का?

भीती वाटते हे लिहिलं म्हणून मन खचत नाही. भीती फक्त आपल्यालाच वाटली, बाकी सगळे शूर होते, असं वाटलं की माणूस खचते. काकांनी ओल्या पॅन्टीचं जिथं लिहिलं त्याच्याच पुढच्या पानावर लिहिलंय की त्यांच्या पुढं एक जुना नायक होता, त्यानं मागं हात करून काकांचा पट्टा पकडला आणि म्हणाला, "पैर देख, ऊपर मत देख." बस एवढंच. आणि काका पाय बघत चढले. रात्रभर पाय बघत चढले. बैठकीत ओली पॅन्ट सगळ्यांनी सांगितली, पण हे पुढचं पान कोणीच सांगितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. तुम्ही पोरांपासून लपवता आहात ते नुसतं भीतीचं पान नाही, भीती वाटल्यावर काय करायचं ते पण त्याच्यातच आहे.

आणि भाऊ, तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या अभिप्रायाच्या वहीत एका भरतीच्या पोरानं लिहून ठेवलंय, नाव नाही लिहिलं, अक्षर तिरपं आहे, हिरव्या पेनानं. त्यानं लिहिलंय: "रात्री झोप नाही लागली. सकाळी ग्राउंडला गेलो. आमच्या सरांना विचारलं, थंडीत पायाला काय करायचं, सरांना नाही माहीत." हे तुमच्याच पोरानं लिहिलं असं मी म्हणत नाही, कोणाचं आहे ते मला माहीत नाही. पण सांगा, हा पोरगा खचला का? त्यानं प्रश्न विचारला. आणि पुस्तकात त्याचं उत्तर आहे, मोजे ओले झाले की ते काढून छातीशी ठेवायचे आणि दुसरे घालायचे, बोटं एकमेकांची बघायची, ज्याचं बोट पांढरं पडलं त्याला लगेच सांगायचं, बर्फानं चोळायचं नाही. ॲकॅडमीच्या फीमध्ये हे मिळत नाही, आपल्याकडं ते मांडणीवर पडलेलं आहे आणि आपण कुलूप लावणार.

पोरं युद्ध बघतच नाहीत असं थोडंच आहे. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आठवा, पारावर, पानटपरीवर, घरोघरी रात्रभर टीव्ही चालू होता, कुठं काय पडलं, कुठलं शहर घेतलं, सकाळी उठून बघावं तर त्यातलं कितीतरी खोटं निघालं. बातम्यांत सायरनचा आवाज एवढा वाजवत होते की शेवटी सरकारलाच चॅनलवाल्यांना सांगावं लागलं की तो आवाज वापरू नका, लोकांना खरा सायरन कळणार नाही. माझ्या सासूबाई दोन रात्री झोपल्या नाहीत. पोरांच्या मोबाईलवर रील तर विचारू नका, गाणं लावून रणगाडा. ते सगळं चालते, त्यानं कोणाचं मन बिघडत नाही म्हणे, आणि जो माणूस खरोखर तिथं होता, ज्यानं अंगावर घेतलं, त्याचं लिहिलेलं कपाटात. हे मला समजत नाही, खरंच समजून सांगा कोणीतरी.

एक मत असंही आलं की भीती, चुका, गोंधळ हे लिहिलं की सैन्याची बदनामी होते. मंडळी, कारगिल संपलं 26 जुलैला आणि तीनच दिवसांत, 29 जुलै 1999 ला, सरकारनंच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरी आपल्याला आधी कशी कळली नाही, गुप्तवार्ता कुठं कमी पडली, हे सगळं तपासायला. त्या समितीचा अहवाल पुढच्या वर्षी संसदेत ठेवला गेला, काही भाग गाळून का होईना, पण ठेवला गेला, छापून आला. वर घुसखोर आहेत हे तर सगळ्यात आधी तिथल्या मेंढपाळांनी येऊन सांगितलं होतं. आता जर देशाचं सरकार आपली चूक लिहून संसदेसमोर ठेवते आणि त्यानं देशाचं काही बिघडत नाही, उलट पुढचं सुधारते, तर आपल्या बाजूच्या गावच्या एका हवालदारानं आपली भीती लिहिली त्यानं काय बिघडणार आहे?

तिसरं मत शत्रूबद्दलचं. काकांनी एक प्रकरण लिहिलंय की लढाई झाल्यावर त्यांच्या टोळीला वर पडलेली पाकिस्तानी सैनिकांची प्रेतं पुरायचं काम दिलं. पाकिस्तान तेव्हा म्हणत होता की हे आमचे सैनिकच नाहीत, म्हणून बऱ्याच जणांना न्यायला कोणी आलं नाही. आपल्या सैन्यानं त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणं पुरलं. काकांनी एका प्रेताच्या खिशातलं पत्र पाहिलं, उर्दूत होतं, वाचता आलं नाही, पण खाली लहान लेकरानं काढलेलं चित्र होतं. यावर मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, शत्रूचं कौतुक कायले? मी वळून बघितलं पण कोण ते कळलं नाही, म्हणून सगळ्यांनाच उत्तर देते.

टायगर हिल या शिखरावर पाकिस्तानचा एक कॅप्टन होता, कर्नल शेर खान. कर्नल हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टनचा. तो आपल्या जवानांविरुद्ध शेवटपर्यंत लढला आणि तिथंच मेला. त्याचं प्रेत परत देताना आपल्याच ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली की हा माणूस शौर्यानं लढला. पुढं पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर दिलं, त्यांचा सगळ्यात मोठा सन्मान. ज्या ब्रिगेडियरनं टायगर हिलची लढाई लढवली, ज्याची माणसं त्या शेर खानच्या गोळ्यांनी पडली, त्याला ती चिठ्ठी लिहिताना कमीपणा वाटला नाही. मग आपण इथं पंख्याखाली बसून, हातात चहाचा कप घेऊन, काकांना कसं म्हणू शकतो की तुम्ही त्या लेकराच्या चित्राबद्दल लिहायला नको होतं? त्यांनी पुरलं ते प्रेत. त्यांच्या हाताला ती माती लागली. ते जे म्हणतील ते म्हणायचा हक्क त्यांचा आहे.

आता एक मत मला शंभर टक्के पटलं, तेही लिहिते. आपले सीआरपीएफमधून रिटायर झालेले दादा म्हणाले की पुस्तकात तारखांचा घोळ आहे. आहे, मीही पाहिलं. टायगर हिल जून महिन्यात घेतल्याचं काकांनी लिहिलंय, ती 4 जुलैला घेतली. दोन ठिकाणी शिखरांची नावं उलटसुलट झाली आहेत. नकाशा एकही नाही, त्यामुळं वाचणाऱ्याला द्रास कुठं, तोलोलिंग कुठं, रस्ता कुठं काही समजत नाही, आणि खरी हकीकत म्हटली की एवढं तरी पाहिजेच. पण दादा, तुम्हीच पुढं जे सांगितलं ते मला जास्त आवडलं, की खालच्या जवानाला डोंगराचं नाव माहीतच नसते, त्याला नंबर सांगतात, पॉइंट अमुक, आणि त्याला आजूबाजूचा वीस-पंचवीस फुटाचा तुकडा तेवढा माहीत असते. म्हणजे तारीख चुकली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. त्याच्या वीस फुटात तो अगदी पक्का आहे, बाकीचं दुसऱ्या पुस्तकातून तपासून घ्यावं लागते. दादा, तुम्ही बसून एक शुद्धिपत्र करून द्या आणि शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडून एक साधा नकाशा काढून घेऊ, मी झेरॉक्स मारून पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवते. असं मत मांडणारे वाचक आपल्या वाचनालयाला पाहिजेत.

भाषा अशुद्ध आहे, वऱ्हाडी आहे, असंही झालं. याच्यावर मी फार काही बोलत नाही. ते जसं बोलतात तसं लिहिलं, आणि आपण सगळे तसंच बोलतो.

आता जे बैठकीत झालंच नाही त्याच्याबद्दल. रविवारी बाया किती होत्या? मी, अंगणवाडीच्या ताई आणि दारात उभ्या असलेल्या दोघी-तिघी. कोणी त्यांना विचारलं नाही. पण हे पुस्तक सगळ्यात जास्त बायांनी नेलंय, नोंदवही काढून दाखवते. आणि त्यांना आवडलेलं प्रकरण तुम्ही कोणी घेतलंच नाही, शेवटचं, घरी परत आल्यावरचं.

कारगिलच्या आधीच्या लढायांत जवान तिकडंच गेला तर बहुतेक तिकडंच त्याचे अंत्यसंस्कार व्हायचे, घरी तार यायची आणि सामानाची पेटी. कारगिलपासून पार्थिव गावात यायला लागलं. 527 जवान गेले त्या लढाईत. तेव्हापासून युद्ध म्हणजे काय ते गावानं अंगणात पाहिलं. आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. त्याच वर्षी 1 मे ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला सुरुंग फुटला आणि 15 पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आपल्या विदर्भातच, आपल्याच पोलीस भरतीतून लागलेले पोरं. लढाई काही फक्त बर्फात होते असं नाही. तेव्हा आपण सगळे गेलो होतो, फुलं टाकली, घोषणा दिल्या, घसे बसले. पण जे परत येतात त्यांचं काय, हे कोण विचारते?

काकांनी विचारलंय. म्हणजे स्वतःबद्दल लिहिलंय. घरी आल्यावर पहिल्या दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला आणि ते गोठ्यात बैलाच्या पायाजवळ जाऊन पालथे पडले, पोरं हसली. रात्री उठून ते अंगणात फेऱ्या मारायचे. बायकोनं एकदा झोपेतून उठवायला खांद्याला हात लावला तर त्यांनी तिचा गळा धरला, मग सुटल्यावर रात्रभर दोघं रडले, आणि त्यानंतर ती त्यांना उठवायची असली की दारातून नाव घेऊन हाक मारते, आजही. तोफांच्या आवाजानं डावा कान गेला तो गेलाच. दारू लागली, सुटायला वर्षं गेली. हे त्यांनी बायकोला विचारून लिहिलं, तशी प्रस्तावनेत ओळच आहे.

आपल्याच एका वहिनी पुस्तक परत द्यायला आल्या, दारातच उभ्या राहून ते दारातून हाक मारण्याचं पान उघडलं आणि मला म्हणाल्या, "ताई, हे माह्या घरचं हाय. मले वाटे आमच्याच घरी असं हाय." त्यांचे मालक फोर्समध्ये आहेत, एवढंच सांगते, जास्त सांगायचा मला अधिकार नाही. मंडळी, ज्या पुस्तकानं एका बाईला कळलं की ती एकटी नाही, तिच्या माणसाला जे होऊन राहिलं त्यासाठी डॉक्टरकडं जाता येते, ते पुस्तक कपाटात टाकायला मी तयार नाही. तिथं पोरांच्या मनाचा विचार झाला, या बायांच्या मनाचा कोणी केला का?

तर माझं मागणं एवढंच आहे की ठराव परत बैठकीपुढं घ्या, यावेळी बायांना पण बोलवा आणि भरतीच्या पोरांना पण, ज्यांच्यासाठी ठरवता आहात ते समोर बसलेले असू द्या. पुस्तक बाहेरच राहू द्या, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या बाजूला. एकच प्रत आहे आणि तिच्यासाठी रांग लागलेली आहे, म्हणून यंदाच्या खरेदीत आणखी तीन-चार प्रती घ्याव्यात, काकांकडं घरी गठ्ठा पडून आहे, ते कमी भावात द्यायला तयार आहेत पण मला वाटते आपण पूर्ण पैसे द्यावे. ज्या घरात लहान लेकरं आहेत आणि कोणाला काही पानं नको वाटत असतील त्यांनी मला सांगावं, कोणत्या वयाच्या पोराला द्यायचं यावर आपण बोलू शकतो. सातवी-आठवीच्या लेकराला मी स्वतः हे पुस्तक देत नाही. पण अठरा वर्षांचं पोरगं जर बंदूक हातात घ्यायला मोठं आहे तर पुस्तक हातात घ्यायला पण मोठं आहे.

आणि दरवर्षी 26 जुलैला आपण माजी सैनिकांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, पाच मिनिटं भाषण आपणच करतो आणि त्यांना खुर्चीवर बसवून ठेवतो. यंदा काकांना दुसऱ्या एखाद्या दिवशी बोलवू, संध्याकाळी, पोरांचं ग्राउंड झाल्यावर, आणि भाषण कोणीच करायचं नाही, फक्त त्यांना प्रश्न विचारायचे. गुरुजींनी पण विचारावे, भाऊ तुम्ही तर नक्की या, पोराला घेऊन या. मी त्यांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले येतो, हार नको, माईक नको, फोटो नको. फक्त डाव्या कानानं ऐकू येत नाही, तर ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी उजव्या बाजूला बसावं आणि जरा मोठ्यानं बोलावं.

दिवस कोणता ठेवायचा ते बैठकीत सांगा, म्हणजे मी त्यांना फोन करते.

तुमचीच,
वाचनालयातली ताई